लोहचुंबकाचें कुळ आणि गिटारचा सूर

विजेच्या गिटारचा नाद आपणांपैकीं पुष्कळांस लागला आहे. हा नाद लागला कीं थोड्याच दिवसांत एक वाक्य कानीं पडतें: "अल्निकोचा सूर गोड, सिरॅमिकचा कर्कश." तें ऐकून स्वस्त गिटार वाजविणारा मुलगा मनांतून खट्टू होतो आणि नव्या पिकअपसाठीं वडिलांपाशीं हट्ट धरतो. पैसे खर्चण्यापूर्वीं या वाक्याची पारख व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु.

पिकअपमध्यें लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे असतात. वाद्याची पोलादी तार त्यांवर कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें व वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेलें जें तत्त्व आपण वर्गांत शिकतों, तेंच हें.

अल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोखंड यांचा मिश्रधातु. १९५४ सालीं निघालेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या प्रत्येक पिकअपमध्यें अल्निकोच्या सहा कांड्या उभ्या बसविलेल्या होत्या. सिरॅमिक चुंबक लोखंडाच्या ऑक्साइडपासून भट्टींत भाजून करितात. तो स्वस्त असून जोरदार असतो. स्वस्त गिटारींत बहुधा त्याची पट्टी खालीं चिकटवून वर साध्या पोलादाच्या कांड्या घालतात.

येथेंच न्यायांत चूक होते. पोलादाच्या कांड्यांमुळें वेढ्यांचें विद्युत्प्रेरण वाढतें व सुराचा उंच भाग दबतो. शिवाय वेढ्यांची संख्याहि पुष्कळदां निराळी असते. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या असतां दोष मात्र एकट्या सिरॅमिकच्या माथीं मारणें हें प्रयोगशाळेंत कोणी शिक्षक खपवून घेणार नाहींत.

गिब्सन कंपनीनें १९५७ सालीं प्रचारांत आणलेला दुहेरी पिकअप पाहा. त्यांतहि चुंबकाची पट्टी खालींच असते व वर पोलादच असतें. तरी त्याच्या सुराची वाखाणणी आजवर चालू आहे. अशा पिकअपमध्यें बाकी कांहीं न हलवितां पट्टी तेवढी बदलतां येते. चुंबकाची खरी परीक्षा ती. ती केल्यास फरक ऐकूं येतो, हें मी नाकारीत नाहीं. अल्निको दोनपेक्षां अल्निको पांच अधिक जोरदार, म्हणून त्याचा आवाजहि अधिक ठसठशीत. परंतु हा फरक लोक सांगतात तितका मोठा नसतो.

जोर हा नेहमीं गुणच असतो असेंहि नाहीं. बलवान् चुंबक तारेच्या फार जवळ आला तर तो तिला ओढून धरितो. मग सूर डळमळतो व लवकर विरतो. यावर उपाय फुकटचा आहे. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून तो थोडा खालीं उतरवावा, आणि डोळे मिटून ऐकावें.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलानें हट्ट धरिला तर आधीं हे स्क्रू फिरवून पाहिले काय, असें त्यास विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, कुळ विचारून माणसाची योग्यता ठरवूं नये हें आपणांस ठाऊक आहे. लोहचुंबकासहि तोच न्याय लावा. सूर आधीं ऐका, नांव मागाहून विचारा.