ढाल शेतकऱ्याची, धंदा बाटलीचा

सायंकाळी अंबरनाथ वा बदलापूर स्थानकात लोकल रिकामी होते, तेव्हा कामावरून परतणारी गृहिणी घरी जाण्यापूर्वी दुकानात डोकावते. तांदूळ, तेल, मुलांसाठी बिस्किटे एवढाच तिचा व्यवहार. त्याच दुकानात, डाळींच्या मांडणीपासून चार पावलांवर वाइनचे कपाट ठेवण्याची मुभा देणारा निर्णय महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला. अट काय, तर दुकान किमान एक हजार चौरस फुटांचे हवे. आणि समर्थनाची ढाल? द्राक्ष उत्पादक शेतकरी! अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, जनतेच्या हरकती मागविण्याची वेळ आली आणि निर्णय अमलात आला नाही. ती ढाल मात्र शाबूत आहे.

या ढालीमागे खरोखर कोण उभे आहे? उल्हासनगर ही फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी लहानलहान उद्योगांवर उभी केलेली नगरी. घरच्या माणसांच्या बळावर चालणाऱ्या धंद्याचे मोल या परिसराला कोणी शिकवावयास नको. म्हणूनच नाशिककडील चार-पाच एकरांच्या बागायतदाराचे गणित येथील वाचकाला सहज उमगेल. खाण्याच्या द्राक्षाला बाजार समिती आहे, निर्यात आहे, भाव पडला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. वेल लावल्यावर दोन-तीन वर्षे थांबायचे आणि पुढे कारखाना उचलील त्या भावाला माल द्यायचा. कारखान्याने पाठ फिरविली की फळ वेलीवरच सडते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने करसवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क आले, अनेक कुटुंबांनी कर्ज काढून स्वतःच्या वायनरी उभारल्या. २००८ नंतरच्या मंदीत त्यांतील कित्येक बंद पडल्या. नारायणगावची इंडाजसारखी नावाजलेली कंपनीही बुडाली, तेथे लहानांचा काय पाड!

जे तगले त्यांच्या अडचणी दुकानाच्या फळीने सुटणाऱ्या नाहीत. जाहिरातीला बंदी, प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, शुल्क वेगळे, पिंपात वर्षानुवर्षे अडकलेले भांडवल. शहरातील मोठ्या दुकानात मोक्याची जागा मिळते ती वितरकांची फौज आणि सवलतींचा पैसा असलेल्या बड्या कंपन्यांना. दिंडोरीच्या एखाद्या कुटुंबाची बाटली तेथे पोहोचणार कशी? त्याला मदतच करायची, तर त्याच्या बागेच्या दारातील विक्रीचे नियम सुलभ करा, मालाचे पैसे मुदतीत मिळण्याची हमी द्या. त्यासाठी बदलापूरच्या गृहिणीच्या वाटेत कपाट कशाला?

‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवादही तेव्हा ऐकू आला. साध्या बिअरच्या दुपटीहून अधिक मद्यार्क जीत असतो, तिला सरबत म्हणायचे काय? १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो, तो उगाच नव्हे. आणि मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने झटावे, असे राज्यघटनेचे ४७ वे कलम सांगते. हे कलम आघाडी सरकारपुरते नाही. त्याच जानेवारीत मध्य प्रदेशातील भाजप सरकारनेही चार मोठ्या शहरांतील सुपरमार्केटमध्ये मद्यविक्रीचे धोरण जाहीर केले होते. आपल्या माणसांनी केले म्हणून ते पथ्यकर ठरत नाही. मुंबईत निषेध आणि भोपाळबाबत मौन, हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही.

गावठी दारूच्या भट्ट्यांवरील छाप्यांच्या बातम्या या पट्ट्यात नव्या नाहीत. पगाराच्या दिवशी कारखान्यातून थेट गुत्त्यावर जाणारा नवरा येथील कितीतरी बायकांनी पाहिला आहे. त्यांच्या मुलांना किराणा आणि मद्य एकाच पिशवीत येताना दिसावे काय?

आणि फळ उत्पादकाचाच एवढा कळवळा असेल, तर बदलापूरच्या जांभळाकडे पाहा. भौगोलिक मानांकन मिळाले. पण इमारतींसाठी झाडे तुटत आहेत, आणि हंगामात पाटी घेऊन बसणाऱ्या आदिवासी बाईला स्थानकाबाहेर हक्काची चार फूट जागा अजून कोणी देऊ केलेली नाही.