रूपावर जाऊ नका

जर्मनीतल्या भाजीबाजारात ऑक्टोबरपासून मातीने माखलेले, मुळांच्या जटा असलेले ओबडधोबड गड्डे दिसू लागतात. हा सेलेरियाक, आपल्या कोथिंबीर, गाजर आणि ओव्याच्याच कुळातला. रूप पाहून नवखे लोक पुढे जातात आणि एका गुणी भाजीला मुकतात. बागेत मात्र तो सबुरी मागतो. बी अगदी बारीक. ते पुरायचं नाही, ओल्या मातीवर नुसतं दाबायचं, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. कोंब दिसायलाच दोन-तीन आठवडे जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरलेली रोपं मे महिन्यात, गोठवणारी थंडी सरल्यावर, बाहेर लावतात आणि गड्डा भरतो तो थेट शरदात. मधे पाण्याची हयगय झाली की तो पोसतच नाही. चिरताना साल जाड काढावी, खाचांत माती दडलेली असते. फोडी लगेच लिंबाच्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर काळपटतात. फ्रेंच लोक तो कच्चाच किसून मोहरी घातलेल्या मेयोनेजमध्ये कालवतात. जर्मन घरांत तो गाजर आणि लीकबरोबर सूपमध्ये पडतो, शिवाय जाड चकत्या उकडून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. शाकाहारी माणसाला याहून चांगलं श्निट्झेल मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. हा सेलरीचाच एक प्रकार, त्यामुळे सेलरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र दूरच राहावं. युरोपीय संघाने वेष्टनावर नोंद सक्तीची केलेल्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांत ती आहे. बाकी तिकडच्या मराठी मंडळींनी या हिवाळ्यात एक गड्डा घरी आणावाच.