उसना पासवर्ड आणि दिलेला अधिकार

एकाने दुसऱ्याच्या वतीने काम पाहणे ही आपल्या व्यवहारातील जुनी रीत आहे. जमिनीच्या खरेदीसाठी किंवा कोर्टकचेरीसाठी ज्याला स्वतः जाता येत नाही, तो मुखत्यारपत्र करून देतो. मुखत्यार सही करतो ती स्वतःच्या नावाने, 'अमक्याच्या वतीने' अशी. कोणी, कोणाला, किती अधिकार दिला हे कागदावर स्पष्ट असते. संगणकावरील व्यवहारात मात्र आपण ही जुनी शिस्त सोडून देऊन सरळ पासवर्डच दुसऱ्याच्या हाती देतो.

आज तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रुग्णालयातील नोंदणी यांपैकी बरेच काही संगणकावर आले आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने त्याच्या वैद्यकीय नोंदी डॉक्टरांना पाहता येतात. तत्त्व उत्तम आहे. पण संमतीची खूण म्हणजे पुष्कळदा मोबाइलवर येणारा ओटीपी. ज्या घरात मोबाइल एकच आहे, तेथे ही संमती नेमकी कोणाची? वृद्ध आईचा ओटीपी मुलाकडे येतो, पत्नीचा पतीकडे. यंत्र समजते, तिने होकार दिला. प्रत्यक्षात तिला कोणी विचारलेलेही नसते.

यावर कोणी म्हणेल, 'घरातल्या घरात कसले आले गुपित?' हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो, हे खरे. आजारी माणसाची धावपळ घरचेच करतात, हेही खरे. तथापि काही आजार, काही चाचण्या अशा असतात की त्या प्रथम घरच्यांपासूनच झाकाव्याशा वाटतात. आपला अहवाल दुसरा कोणी वाचणार या धास्तीने एखादी स्त्री किंवा एखादा तरुण दवाखान्याची पायरीच चढला नाही, तर नुकसान आरोग्याचे होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. तो हक्क उंबरठ्याच्या आत संपत नाही.

मग उपाय कोणता? मदतनिसाला स्वतःच्या नावाने, मर्यादित आणि परत घेता येईल असा प्रवेश देणे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत अशी सोय आहे. मुलगी आईच्या नोंदी पाहते ती स्वतःच्या खात्यातून; मूल किशोरवयात आले, की पालकांना दिसणारी माहिती कमी केली जाते. आपल्याकडेही या विचाराची बीजे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमण्याचा आणि तो बदलण्याचा अधिकार दिला आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क कोणी बजावावेत, हे आधीच ठरवून ठेवण्याची तरतूद आहे. ती मोलाची आहे. कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार नेमणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की साधे मुखत्यारपत्र संपते. म्हणजे गरज सर्वांत मोठी, तेव्हाच आधार नाहीसा होतो.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. शुल्क भरून घेतलेली संशोधनपत्रिका सभासदालाच उघडते. म्हणून बाहेरचा अभ्यासक मित्राचा पासवर्ड मागतो. त्याच्या अतिवापरामुळे कधी साऱ्या विद्यापीठाचा प्रवेश अडवला जातो. परंतु येथे केवळ मागणाऱ्याला दोष देणे न्यायाचे नाही, कारण त्याच्यासाठी दुसरे दारच नसते. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेने ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना सुमारे १३,००० पत्रिका खुल्या केल्या. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तरीही पदवी घेऊन बाहेर पडलेला जिज्ञासू अजून दाराबाहेरच आहे.

जेथे सरळ वाट नसते, तेथे आडवाट पडते. म्हणून 'पासवर्ड कोणाला देऊ नका' एवढे बजावून भागणार नाही. रुग्णालयांनी प्रतिनिधीसाठी आणि ग्रंथालयांनी पाहुण्या वाचकासाठी अधिकृत दार उघडले पाहिजे. आपणही घरातील वडीलधाऱ्यांची कामे करताना आधी एक प्रश्न विचारावा: 'मी हे पाहू का?' त्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देण्याची मोकळीक त्यांना असेल, तरच त्यांच्या 'हो'ला अर्थ राहील.