रक्कम लिहिता, तशी तारीखही लिहा



गळीत हंगाम सुरू झाला की पंधरवड्याची बिले बँकेत जमा होऊ लागतात, आणि बिलांच्या मागोमाग गुंतवणुकीचे सल्लेही गावात येतात. कोणी विमा सांगतो, कोणी म्युच्युअल फंड, कोणी पतसंस्थेची ठेव, तर कोणी थेट दामदुप्पट. आमचे काम उसाचे. बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा प्रोग्रॅम सोडून या भानगडीत आम्ही कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण एकरी पाच-दहा टन ऊस वाढावा म्हणून सभासदाने दीड वर्ष राबायचे आणि त्या वाढीव उसाचा पैसा कच्च्या हिशेबावर विसंबून घालवायचा, हे आम्ही बांधावरून पाहतो. म्हणून चार शब्द लिहिणे भाग आहे.

आता घरोघरी मोबाईल आहे. कॉलेजला जाणारी मुलेमुली घरचा जमाखर्च ॲपमध्ये किंवा एक्सेलमध्ये मांडू लागली आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र हे यंत्र आपल्या वजनकाट्यासारखे आहे. भरल्या गाडीचे वजन काट्याने अचूक दाखवले, तरी रिकाम्या गाडीचे वजन घेतल्याशिवाय उसाचे निव्वळ वजन निघत नाही. ॲपचेही तेच. घातले किती आणि आले किती एवढेच भरले, तर ते फरक काढून मोकळे होते. पैसा किती दिवस अडकून होता हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आमच्या मते सारा घोटाळा इथे होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एकाने विम्याचा हप्ता दर वर्षाच्या सुरुवातीला 25 हजार असा 20 वर्षे भरला. भरणा झाला 5 लाख. विसावे वर्ष संपल्यावर हातात आले 9 लाख. "चार लाख सुटले, शेकडा ऐंशी टक्के!" असे कोणीही म्हणेल. आता तारखा धरून हिशेब मांडा. परतावा निघतो वर्षाला सुमारे 5.3 टक्के. विम्याचे संरक्षण मिळाले त्याचे मोल वेगळे, ते आम्ही नाकारत नाही. पण गुंतवणूक म्हणून पाहाल तर आकडा 5.3 हा आहे, 80 हा नव्हे.

याच्या उलटही घडते. समजा एखाद्याने म्युच्युअल फंडात महिन्याच्या महिन्याला 5 हजार याप्रमाणे वर्षभरात 60 हजार घातले. वर्षाअखेर किंमत झाली 63 हजार. ॲपने दाखवले 5 टक्के. गडी म्हणतो, ठेव काय वाईट होती? पण पहिला हप्ता 12 महिने राहिला, शेवटचा जेमतेम एक महिना. तारखांनिशी हिशेब केला तर परतावा निघतो सुमारे 9.4 टक्के. म्हणजे तारीख न लिहिल्याने वाईट योजना चांगली दिसते आणि बरी चाललेली योजना माणूस मोडून टाकतो. दोन्हीकडे नुकसान सभासदाचेच.

हा हिशेब करायला फार शिक्षण लागत नाही. एक्सेलमध्ये एका रकान्यात तारखा आणि शेजारच्या रकान्यात रकमा लिहायच्या. खिशातून गेलेल्या रकमेला वजा चिन्ह द्यायचे, हाती आलेली तशीच लिहायची. योजना अजून चालू असेल तर शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आज मोडली तर हाती येईल ती रक्कम टाकायची. मग एक्सआयआरआर हे सूत्र लावले की वर्षाचा खरा दर समोर येतो. पुष्कळ ॲपमध्येही हा आकडा असतो, पण ठळक अक्षरात दिसतो तो नुसता एकूण नफा. कोणता आकडा कशाचा, हे आधी पाहून घ्यावे.

हेच गणित उसाला लावून पाहा. समजा एका एकरात 15 जुलै 2024 रोजी मशागत, बेणे व लावणीसाठी 40 हजार गेले. 15 नोव्हेंबरला बांधणी व खताला 25 हजार, आणि 15 जून 2025 ला आणखी 15 हजार. खर्च 80 हजार. तोडणी-वाहतूक वजा जाऊन 25 डिसेंबर 2025 ला 1 लाख 10 हजार मिळाले. फायदा 30 हजार, तोंडच्या हिशेबाने साडेसदतीस टक्के. तारखा धरल्या तर वर्षाला सुमारे 31 टक्के. आणि तेच बिल चार महिने उशिरा, 25 एप्रिलला मिळाले, तर सुमारे साडेतेवीस टक्के. ऊस तोच, दर तोच, नुसत्या तारखेने साडेसात टक्के गेले. शिवाय घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचा खंड यात धरलेलाच नाही. तो धरला तर 30 हजारांतले किती उरतात, ते ज्याचे त्याने मांडावे.

ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत बिल द्यावे लागते आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज देणे लागते. कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही, कारण कारखाना सभासदांचा आहे. ऊस गेल्याची तारीख आणि बिल जमा झाल्याची तारीख दोन्ही ज्याच्या वहीत आहेत, त्याला व्याज मागायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

आता नोंदी कुठे चुकतात ते थोडक्यात सांगतो.

पहिली चूक बिलाची. बँकेत निव्वळ रक्कम जमा होते आणि मुले तेवढीच 'उत्पन्न' म्हणून भरतात. सोसायटीची वसुली, शेअर्स, ठेव या कपाती बिलातून आधीच गेलेल्या असतात. सोसायटीची वसुली म्हणजे तुमचे कर्ज फिटले, ठेवीची कपात म्हणजे तुमची गुंतवणूक झाली. पूर्ण बिल जमेला धरून प्रत्येक कपात आपापल्या खात्याला टाकावी. नाहीतर वर्षाअखेर ऊस तोट्यात दिसतो.

दुसरी चूक आपलाच पैसा इकडून तिकडे हलवण्याची. बचत खात्यातून फंडात घातलेली रक्कम खर्च नव्हे आणि फंडातून परत आलेली सगळी रक्कम उत्पन्न नव्हे. मुदत संपून व्याजासह पुन्हा ठेवलेली ठेव नवी म्हणून भरली, तर मिळालेले व्याज तुमच्याच भरण्यात मिसळते आणि परतावा कमी दिसतो.

तिसरी चूक लाभांशाची. फंडाचा लाभांश हातात घेतला तर युनिटचा भाव तेवढा उतरतो. लाभांशाची नोंद केली नाही तर फंड बुडाल्यासारखा वाटतो. यात आपले मुद्दलही परत येऊ शकते, म्हणूनच सेबीने 1 एप्रिल 2021 पासून 'लाभांश' हे नाव बदलायला लावले.

चौथी चूक सोन्याची. दागिना घेताना घडणावळ आणि कर धरून दिलेली सगळी रक्कम लिहावी, आणि आजची किंमत सराफ मोडीला देईल ती लिहावी. पेपरातला भाव लिहून समाधान मानू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्ज त्याच हिशेबात असावे. एक लाखाची ठेव 7 टक्क्यांनी आणि पाइपलाइनचे एक लाखाचे कर्ज 12 टक्क्यांनी, अशी स्थिती असेल तर ॲपवर ठेव कितीही वाढताना दिसो, वर्षाला पाच हजार खिशातून जात आहेत. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजात सवलत मिळते. ती तारीख चुकवून भलतीकडे पैसे गुंतवणे म्हणजे घरचे धान्य विकून बाजारचे पीठ आणणे.

दामदुप्पट सांगणाऱ्यासाठी एक सोपा आडाखा आहे. 72 ला वर्षांनी भागा, साधारण दर निघतो. किसान विकास पत्र 1988 साली निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होई, म्हणजे वर्षाला 13 टक्क्यांच्या वर. एप्रिल 2023 मध्ये ठरलेल्या साडेसात टक्के दराने त्यालाच 115 महिने लागतात. सरकारी हमीच्या पैशाला साडेनऊ वर्षे लागत असतील, तर तीन वर्षांत दुप्पट म्हणणारा वर्षाला 26 टक्के कबूल करतो आहे. ते तो कुठून आणणार, एवढे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

यात कारखान्याचाही वाटा हवा. बिलाच्या चिठ्ठीवर वजनाची तारीख, बिलाची तारीख आणि प्रत्येक कपात मराठीत स्वतंत्र छापली जावी, आणि तोच तपशील मोबाईलवर मिळावा, म्हणजे मुलांना तो जसाच्या तसा उतरवता येईल. उन्हाळ्यात गट ऑफिसात पीक चर्चासत्रे होतात, त्यांत एक दिवस हिशेबासाठी राखावा. संचालक मंडळाने याचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे.

तोवर सभासदांनी एवढे करावे. यंदाचे पहिले बिल आले की मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे आणि लावणीपासूनचा एकेक खर्च तारखेसह लिहून काढावा. खोडवा ठेवायचा की मोडायचा, ठेव करायची की कर्ज फेडायचे, हे त्या कागदाकडे पाहून ठरवावे.