एका प्रश्नाची किंमत

ऑक्टोबर २०१७. कॅनडातील न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेतेपदी नुकतेच निवडून आलेले जगमीत सिंग सीबीसी या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीवर मुलाखत देत होते. मुलाखतकार टेरी मिलेव्स्की यांनी एक साधा प्रश्न केला. तलविंदरसिंग परमारची चित्रे हुतात्मा म्हणून लावणाऱ्यांचे वर्तन अयोग्य नाही काय? ‘अयोग्य आहे’ या दोन शब्दांत विषय संपला असता. ते दोन शब्द काही आले नाहीत. मिलेव्स्कींनी प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, दर वेळी त्याला बगल मिळाली. पुढे जे घडले ते अधिक बोलके होते. टीकेची झोड उठली ती प्रश्नकर्त्यावर! दहशतवाद्याविषयी विचारणे हाच म्हणे वर्णद्वेष!

कोण होता हा परमार? २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच बॉम्बस्फोटाने उद्ध्वस्त झाले. ३२९ जीव गेले. चिमुकली मुले गेली, कुटुंबेच्या कुटुंबे नष्ट झाली. न्या. जॉन मेजर आयोगाने २०१० च्या अहवालात या कटाचा म्होरक्या म्हणून परमारचेच नाव घेतले. मृतांपैकी बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरीही पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी सांत्वनाचा दूरध्वनी केला तो राजीव गांधींना. आपलेच नागरिक परके मानण्याची ही वृत्ती त्या दिवसापासूनची आहे.

मिलेव्स्कींनी कित्येक वर्षे या प्रकरणाचा पाठपुरावा केला. सत्तेची मर्जी राखणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९९७ च्या व्हँकुव्हर येथील अ‍ॅपेक परिषदेत निदर्शक विद्यार्थ्यांवर पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. त्या प्रकरणाचा त्यांनी छडा लावताच पंतप्रधान कार्यालयाने तक्रार केली आणि वाहिनीने त्यांना त्या बातमीवरून दूर केले. वाहिनीच्याच लोकपालाने पुढे त्यांना निर्दोष ठरवले. खालिस्तानी राजकारणावरील त्यांच्या २००७ च्या वृत्तपटावरून वाहिनीला न्यायालयात खेचण्यात आले. तो दावा दाव्यकर्त्यांनीच अखेर सोडून दिला. २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांची लेखणी थांबली नाही. खालिस्तान हा पाकिस्तानचा प्रकल्प आहे, हे त्यांनी २०२० च्या अहवालात मांडले आणि २०२१ मध्ये ‘ब्लड फॉर ब्लड’ हा ग्रंथ लिहिला.

हा लढा शिखांविरुद्ध आहे, असा कांगावा खालिस्तानी नेहमीच करतात. त्याचे उत्तर तारासिंग हायर यांच्या बलिदानात आहे. केशधारी शीख असलेल्या या संपादकावर १९८८ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. शरीर पंगू झाले, लेखणी झाली नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांच्या घरीच त्यांची हत्या झाली. खालिस्तानी बंदुकीने प्रथम रक्त सांडले ते सत्य बोलणाऱ्या शिखांचे. पंथाचा खरा अपमान हायर यांच्या मारेकऱ्यांनी केला. मिलेव्स्कींच्या प्रश्नाने नव्हे.

आणि कॅनडाचे राज्यकर्ते? गुप्तचर खात्याने परमारच्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुसून टाकल्या. २००५ मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले. या प्रकरणात शिक्षा झाली ती एकट्या इंद्रजितसिंग रेयात याला. परमारची चित्रे मिरवणाऱ्या मिरवणुकांत राजकारणी मतांसाठी हजेरी लावत राहिले. जून २०२४ मध्ये तर कॅनडाच्या संसदेने हरदीपसिंग निज्जर याच्यासाठी उभे राहून मौन पाळले. भारताने ज्याला दहशतवादी घोषित केले, त्याला संसदेचा मान! कनिष्कच्या मृतांच्या आप्तांनी या मौनाचा काय अर्थ लावायचा?

मतपेढीच्या लांगूलचालनाची ही फळे भारतीयांना अपरिचित नाहीत. मात्र मार्च २०१८ मध्ये जगमीत सिंग यांना परमारसंबंधीचा आयोगाचा निष्कर्ष मान्य असल्याचे सांगावेच लागले. पाच महिन्यांपूर्वीच्या एका प्रश्नाने एवढे साधले. भारताशी नाळ नसलेला एक पत्रकार ३२९ मृतांसाठी आयुष्यभर सत्तेला जाब विचारतो. ज्यांचे रक्ताचे नाते आहे, त्या भारतीय घरांत २३ जूनला एक तरी दिवा लागतो काय? कनिष्कची कथा मुलांना सांगणे, हा या पत्रकाराच्या तपश्चर्येचा खरा सन्मान ठरेल. विस्मृती हीच दहशतवाद्यांची सर्वांत मोठी ढाल असते.