पहिली मुलाखत

परदेशी प्रशिक्षक आला, की त्याची पहिली मुलाखत आमच्या ग्वाल्हेरच्या घरात स्थळाची पत्रिका बघावी तशी बघितली जाते. घर हॉकीवेडं. इथल्या ज्या मैदानावर सचिनने २०१० मध्ये दोनशे धावा काढल्या, ते नावाने कॅप्टन रूपसिंगांचं, आणि रूपसिंग क्रिकेटवाले नव्हेत, हे मामंजी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. मी बेळगावची सून म्हणून आले तेव्हाही मामंजींचा पहिला प्रश्न होता, ‘‘म्हणजे बंडू पाटलांच्या गावची का?’’ १९६४ च्या टोकियोतल्या सुवर्णपदक विजेत्या संघात आपले बंडू पाटील होते, आणि गोलात उभे होते महूचे शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचे. माझं माहेर आणि सासर असं आधीच एका संघात खेळलेलं!

अशा घरात बाहेरचा माणूस हॉकी शिकवणार म्हटल्यावर भुवया वर जायच्याच. तशा या मुलाखती सगळ्या सारख्याच असतात. भारतात आल्याचा आनंद, गुणवत्ता भरपूर, फिटनेसवर काम करायचं आहे. मग आमच्याकडे एकेका वाक्याचा कीस पडतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये हॉलंडचे शोर्ड मरिन पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. तोवर ते आपल्या महिला संघाकडे होते. मामंजी म्हणाले, ‘‘बायकांचा कोच पुरुषांना काय शिकवणार?’’ पुढच्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांना पदक मिळालं नाही आणि मरिन यांना परत महिलांकडे पाठवलं. तेव्हा भावजी म्हणाले, ‘‘तिकडे जमलं नाही, म्हणून पोरींकडे दिला.’’

वाक्यं दोन, पण दोन्हींत पोरी खालच्याच पायरीवर. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, आणि माझी पुतणी शेजारी बसून हॉकीस्टिकला टेप गुंडाळत होती. मुलींची राज्य हॉकी अकादमी याच ग्वाल्हेरात २००६ पासून आहे. तिथपर्यंत पोचायचं, एवढं एकच तेव्हा तिच्या डोक्यात. ती काही बोलली नाही. मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, ‘‘भावजी, ‘दिला’ काय? पोरी उतरलेला सदरा घालतात का?’’

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. टोकियोत पहिले तीन सामने हरलेल्या या मुलींनी २ ऑगस्ट २०२१ ला ऑस्ट्रेलियाला १-० असं घरी पाठवलं. ब्रिटनविरुद्ध ३-४ अशी हार झाली आणि पदक हुकलं, पण त्या दिवशी भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं. संघात हरियाणाच्या, झारखंडच्या, मणिपूरच्या, मिझोरामच्या मुली. मिझोरामच्या लालरेमसियामीला संघात आली तेव्हा हिंदी नीट येत नव्हतं, मैत्रिणींनी शिकवलं. आपल्या सीमाभागातल्या घरांना यात नवल नाही. आमची अज्जी कन्नडमध्ये रागवायची, आजोबा मराठीत समजूत घालायचे, आणि दोन्ही बरोबर पोचायचं. परक्या कोचची भाषा पोचेल का, ही मामंजींची काळजी मला कधीच पटली नाही. माणूस आपल्याला कमी लेखतो की नाही, ते मात्र कुठल्याही भाषेत आधी कळतं.

मरिन यांच्यानंतर यानेके शॉपमन आल्या, त्यांच्याच सहकारी, स्वतः २००८ च्या बीजिंगच्या सुवर्णपदक विजेत्या. बाई मुख्य प्रशिक्षक म्हटल्यावर पुतणीने त्यांचा फोटो कपाटाच्या दाराला चिकटवला. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून हरून पॅरिस हुकलं, आणि फेब्रुवारीत शॉपमन यांनी जाता जाता दिलेली मुलाखत सगळीकडे गाजली. या देशात बाईला काम करणं कठीण, मला इथे किंमत मिळाली नाही, पुरुष संघाच्या प्रशिक्षकांना मिळणारी वागणूक वेगळी, असा तिचा रोख होता. हॉकी इंडियाने आरोप फेटाळले. थोड्याच दिवसांत शॉपमन यांनी राजीनामा दिला.

भावजी म्हणाले, ‘‘हरल्यावर सगळेच असं बोलतात.’’ पुतणी तेव्हा चहा घेऊन आली होती. ‘‘बाबा, ‘पोरींकडे दिला’ असं तुम्हीच म्हणाला होता. तेव्हा कोण हरलं होतं?’’ मामंजींनी चष्मा काढून पुसला आणि कपाकडे हात केला. भावजी बराच वेळ पेपरात तोंड घालून बसले.

एप्रिलमध्ये महिला संघाला हरेंद्र सिंग मिळाले, आपल्याच देशातले. त्यांची मुलाखत आली त्या सकाळी पेपर दारात पडला, तो पुतणीने आधी उचलला आणि म्हणाली, ‘‘आज आधी मी वाचणार. आजोबा, तुम्ही नंतर.’’