मोटारीचा इशारा आणि चालकाचे कान

हल्लीची मोटार फार बोलते. पट्टा लावला नाही की टुंग टुंग, दार अर्धवट लागले की टुंग टुंग, मागे घेताना भिंत जवळ आली की पुन्हा तेच. ‘डॉक्टर, हा आवाज जीव वाचवतो की डोके उठवतो?’ असे आमच्या शिरूर-दौंडकडील पेशंट विचारतात. कोणता आवाज, त्यावर ते अवलंबून आहे.

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या मोटारींना पट्ट्याची आठवण देणारा आणि वेगाचा इशारा देणारा आवाज सक्तीचा झाला. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे तो अधूनमधून वाजतो, १२० च्या पुढे थांबतच नाही. हे दोन्ही आवाज हवेतच. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातोच.

पण आपली मंडळी हुशार! पट्टा पाठीमागून अडकवून त्यावर टेकून बसतात, नाहीतर खाचेत नुसती क्लिप खोचतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावले नव्हते, आणि दोघेही दगावले. पुढे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. वाचकहो, एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नव्हे. पट्ट्याविना पुढे फेकलेल्या छातीवर ती फुटली तर तीच इजा करते.

आता दुसरी बाजू. महागड्या गाड्या पांढरी पट्टी ओलांडली, पुढचे वाहन जवळ आले, की ओरडतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला, पाटसला किंवा आमच्या नगर रस्त्यावर शिक्रापूरला उलट दिशेने येणारी मोटारसायकल आणि मध्येच उभी गाय हे रोजचेच. तिथे गाडी सारखी ओरडणार. सारखा आवाज मेंदू पुढे ऐकेनासा होतो; अतिदक्षता विभागातील परिचारिकांनाही यंत्रांच्या घंट्यांचा असाच थकवा येतो. शिवाय आवाज कशाचा, हे पाहायला चालक पडद्याकडे बघतो. दोन सेकंद नजर खाली, म्हणजे ४४ मीटर गाडी आंधळी.

साठीनंतर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. आजोबांना इशारा ऐकूच जात नाही आणि मागे बसलेली सून दचकते, असेही घडते. त्यांचे कान तपासून घ्या. पट्टीवरचा इशारा नको असेल तर गाडी उभी असताना बंद करावा. पट्ट्याच्या आणि वेगाच्या आवाजाला मात्र हात लावू नये.

राहिली गळिताच्या हंगामातली, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली. रात्री ती चालकाला दिसतच नाही, आणि साध्या गाडीत तिच्यासाठी कोणताच आवाज नसतो. कारखान्यांनी परावर्तक नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊच नये, असे माझे मत आहे.